शंभर डॉक्टर, ऐंशी चिठ्ठ्या

१९९१ साली ‘ट्यूबरकल’ या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईतल्या एका पाहणीवरचा निबंध छापून आला. लेखक होते डॉ. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड. धारावीसारख्या वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या शंभरेक खासगी डॉक्टरांना त्यांनी एकच साधा प्रश्न विचारला होता: टीबीच्या रुग्णाला तुम्ही काय लिहून देता? उत्तरं मोजली तेव्हा औषधांचे ऐंशी वेगवेगळे मेळ निघाले. औषधं वेगळी, डोस वेगळे, मुदतही वेगळी. त्यातले बहुतेक मेळ चुकीचे होते, शिवाय महागही होते.

पुढं हा आकडा टीबीवरच्या भाषणांत हमखास येऊ लागला. शंभर डॉक्टर आणि ऐंशी चिठ्ठ्या म्हटलं की ऐकणारे हसतात आणि गल्लीतल्या डॉक्टरच्या अज्ञानावर मान डोलावतात. मला मात्र या हसण्यात मूळ गोष्ट हरवते असं वाटतं. चिठ्ठी एकटा डॉक्टर कधीच लिहीत नसतो. रुग्णाच्या खिशात किती पैसे आहेत, केमिस्टकडं काय आहे, कंपनीचा माणूस काल काय सांगून गेला आणि सरकारनं या डॉक्टरला मोजलंय की नाही, हे सगळं मिळून ती लिहीत असतं. शिवाय त्या ऐंशी चिठ्ठ्यांमधली सगळ्यांत घातक चूक नंतर सरकारच्या छापील खोक्यातही निघाली. तो भाग पुढं येईलच.

टीबीच्या औषधांत चूक एवढी महाग का पडते, ते कळायला १९४८ च्या ब्रिटनपासून सुरुवात करावी लागते. टीबीवरचं पहिलं खरं औषध स्ट्रेप्टोमायसिन. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शाट्झ या त्यांच्या विद्यार्थ्याला ते सापडलं. युद्धानं खंक झालेल्या ब्रिटनकडं ते सगळ्यांना पुरेल इतकं विकत घ्यायला डॉलर नव्हते. तेव्हा तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं आहे तेवढ्या साठ्यात एक काटेकोर प्रयोग केला. रुग्ण १०७. औषध कुणाला द्यायचं हे बंद पाकिटांतून ठरलं: ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि अंथरुणावर विश्रांती, उरलेल्या ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांनी औषधवाल्यांत ४ जण दगावले होते, बिनऔषधवाल्यांत १४. औषध लागू पडतंय यात शंका उरली नाही.

पाच वर्षांनी पुन्हा मोजलं तर औषध घेतलेल्यांतले ३२ जण गेले होते आणि न घेतलेल्यांतले ३५. सुरुवातीचा सगळा फायदा जवळजवळ पुसला गेला होता. कारण प्रयोग चालू असतानाच दिसलं होतं. ज्या ४१ रुग्णांचे जंतू तपासले, त्यातल्या ३५ जणांच्या जंतूंवर स्ट्रेप्टोमायसिन चालेनासं झालं होतं.

यामागं एक हिशेब आहे. टीबीनं फुफ्फुसात पोकळी केलेली असेल तर तिथं कोट्यवधी जंतू असतात. वाढता वाढता त्यातला एखादा आपोआप असा निपजतो, की त्याच्यावर अमुक औषध चालतच नाही. आयसोनायझिडच्या बाबतीत साधारण दहा लाखांत एक, रिफॅम्पिसिनच्या बाबतीत दहा कोटींत एक. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि हे मूठभर उरतात. काही महिन्यांत सगळी वस्ती त्यांचीच होते. पण दोन औषधं एकदम दिली तर दोन्हींना पुरून उरणारा जंतू सापडायला एकावर चौदा शून्यं इतके जंतू लागतील, आणि तेवढे माणसाच्या छातीत नसतात. या हिशेबातून दोन नियम निघाले. टीबीला एकटं औषध कधीही द्यायचं नाही. आणि चालू उपचार फसतोय असं दिसलं तर त्यात एकच नवं औषध कधीही घालायचं नाही, कारण जुन्यांना न जुमानणाऱ्या जंतूंपुढं ते नवं औषध एकटंच पडतं. १९५० च्या दशकात एडिंबरामध्ये जॉन क्रॉफ्टन यांनी स्ट्रेप्टोमायसिन, पास आणि आयसोनायझिड ही तीन औषधं पहिल्या दिवसापासून एकत्र देऊन हे नियम सिद्ध केले. टीबी पूर्ण बरा होतो, असं तेव्हा पहिल्यांदा ठामपणे म्हणता आलं.

दुसरा नियम पाळणं दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे. रुग्ण समोर बसलेला असतो. खोकला हटत नाही, वजन उतरतंय. डॉक्टरला काहीतरी करायचं असतं. चालू चार औषधं ठेवून पाचवं वाढवणं ही अगदी स्वाभाविक गोष्ट वाटते. महिनाभर रुग्णाला बरंही वाटतं. मग तो पुन्हा खालावतो आणि डॉक्टर सहावं वाढवतो. दरवेळी जंतूंना एकेका औषधाशी एकेकटं लढायची सोय करून दिली जाते.

भारतात १९५० च्या सुमारास टीबी म्हणजे सॅनेटोरियम. आपल्याकडं मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी ज्याला परवडेल आणि जागा मिळेल, तो मोकळी हवा आणि दूध-अंडी यांच्या भरवशावर जाई. लाखो रुग्णांना खाटा कुठून आणणार, हा प्रश्नच होता. तो मद्रासनं सोडवला. १९५६ मध्ये तिथं इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून टीबीच्या औषधोपचाराचं केंद्र काढलं. वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली काही गरीब रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना शहरातल्या त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच गोळ्या दिल्या. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. घरी राहिलेले जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले होते आणि त्यांच्यामुळं घरातल्यांना जास्त लागण झाली नव्हती. जगभरातली सॅनेटोरियमं ओस पडण्यात मद्रासच्या या प्रयोगाचा मोठा हात आहे. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तो याच पायावर.

मद्रासला मात्र रुग्णांच्या मागं परिचारिका होत्या, घरभेटी होत्या, गोळ्या मोजल्या जात होत्या. देशभरात पोहोचल्या त्या नुसत्या गोळ्या, आणि त्याही कधी पोहोचल्या, कधी नाही. औषधं वर्ष-दीड वर्ष घ्यायची. दोन-तीन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, माणूस कामावर जातो. उरलेले महिने दवाखान्याच्या रांगेत उभं राहायला रोजंदारीवरच्या माणसाला सवड कुठली? १९९२ मध्ये या कार्यक्रमाचा आढावा घेतला गेला तेव्हा उपचार सुरू केलेल्यांपैकी निम्मेही तो पूर्ण करत नव्हते.

दरम्यान रिफॅम्पिसिन आलं होतं. इटलीतल्या लेपेटिट कंपनीचं हे औषध १९६० च्या दशकाच्या अखेरीस वापरात आलं. पूर्व आफ्रिकेतल्या प्रयोगांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की ते मुळापासून असेल तर उपचार दीड वर्षावरून सहा-आठ महिन्यांवर येतो. ते घेतलं की लघवी केशरी-लाल होते. रुग्ण घाबरतात, आणि अनुभवी डॉक्टर त्यावरूनच गोळ्या खरंच घेतल्या जातायत का ते ओळखतात. पण ते महाग होतं. सरकारी कार्यक्रमात ते उशिरा आणि तुटपुंजं पोहोचलं. ज्याला ते हवं त्याला खासगी डॉक्टरकडं जावं लागे. १९९१ च्या धारावीचा पाया असा घातला गेला.

जेमतेम दोन-अडीच चौरस किलोमीटरची ती वस्ती. तिथला दवाखाना म्हणजे एक खोली, लाकडी बाक, पडद्यामागं तपासायचं टेबल आणि कंपाउंडरची खिडकी. पाटीवर कधी एमबीबीएस, पुष्कळदा होमिओपॅथी, आयुर्वेद किंवा युनानीची पदवी. संध्याकाळी कामावरून आल्यावरही उघडा असतो, घरापासून चार पावलांवर असतो आणि तिथं नाव रजिस्टरात चढत नाही. लग्नाची मुलगी असलेल्या घरात या शेवटच्या गोष्टीला फार किंमत होती. मुंबईत ‘शिवडीला नेलं’ एवढं म्हटलं की शेजारपाजार काय ते समजून जात असे. महापालिकेच्या टीबी रुग्णालयाचं नाव घ्यायचीही गरज पडत नसे.

डॉक्टरचा धंदा मात्र तीन दिवसांच्या औषधांवर चालायचा. तीन दिवसांत बरं वाटलं नाही तर रुग्ण पुढच्या गल्लीत जाणार. म्हणून एक इंजेक्शन, खोकल्याचं औषध आणि जोराची एखादी अँटिबायोटिक. थुंकी तपासून आणा म्हटलं तर दोन-तीन दिवस जातात, आणि ते पैसे डॉक्टरला नव्हे, लॅबला मिळतात. एक्स-रेवर डाग दिसला की टीबी धरायचा आणि औषधं सुरू करायची. चार लिहिली तरी केमिस्टकडं रुग्ण विचारणार, आठवड्याचे किती? पैसे कमी पडले की सगळ्यांत महागडी कॅप्सूल आधी गळते, आणि टीबीच्या चार औषधांत महागडी म्हणजे नेमकं रिफॅम्पिसिन. चिठ्ठी बरोबर असूनही पोटात जाणारा मेळ चुकीचा, असंही घडायचं. पुढं चारही औषधं एका दिवसाच्या पट्टीत घालून विकायची पद्धत आली. ‘एकेटी चालू केलंय’, म्हणजे टीबीची औषधं सुरू केली, हे डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्याही तोंडी बसलं. त्यानं निदान गाळागाळीला थोडा आळा बसला.

या डॉक्टरांना शिकवायला, विचारायला, निदान यादीत घ्यायला कुणी येत नव्हतं. सरकारी कार्यक्रमाच्या हिशेबी ते अस्तित्वातच नव्हते. २०१६ मध्ये औषधविक्रीच्या आकड्यांवरून जो अंदाज बांधला गेला, त्यानुसार २०१४ मध्ये भारतात खासगी क्षेत्रात सुमारे २२ लाख लोक टीबीची औषधं घेत होते. हा आकडा सरकारी कार्यक्रमातल्या रुग्णांच्या जवळजवळ दुप्पट होता. ज्यांच्याकडं बहुसंख्य रुग्ण होते, त्यांच्या चिठ्ठीकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

१९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं टीबी ही जागतिक आणीबाणी असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी भारतात सुधारित कार्यक्रमाची चाचणी सुरू झाली, १९९७ पासून तो पसरू लागला आणि मार्च २००६ पर्यंत त्यानं सगळा देश व्यापला. डॉट्स म्हणून लोक ज्याला ओळखतात तो हाच. आठवड्यातून तीनदा, आरोग्य कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळ्या. रुग्ण नोंदवला की त्याच्या नावाचा पूर्ण कोर्सचा खोका बाजूला काढून ठेवायचा, म्हणजे मध्येच साठा संपला ही सबब नको. ही खोक्याची कल्पना मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. लाखो लोक त्यानं वाचले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण खोके एकाच रंगाचे नव्हते. नव्या रुग्णाला लाल. आधी औषधं घेऊन पुन्हा आजारी पडलेल्याला, किंवा लाल खोका फसलेल्याला, निळा. निळ्यात लाल खोक्यातलीच चार औषधं, वर दोन महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, एकूण मुदत आठ महिने. म्हणजे फसलेल्या उपचारात एक नवं औषध. क्रॉफ्टन यांच्या काळापासून वैद्यकाच्या विद्यार्थ्याला जे करू नको म्हणून शिकवलं जातं तेच, जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनं, राष्ट्रीय पातळीवर, छापील वेष्टनात. ज्याचे जंतू आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्हींना दाद देत नव्हते, त्याला हा खोका आठ महिने गुंतवून ठेवी. तेवढ्यात तो घरात आणि लोकलच्या डब्यात खोकत राही. जंतूंना कोणती औषधं चालतात याची तपासणी सुरुवातीलाच करायची सोय तेव्हा सरसकट नव्हती, हे निळ्या खोक्याचं समर्थन. ते अगदीच खोटं नाही. पण धारावीतल्या डॉक्टरला ज्या चुकीबद्दल अडाणी ठरवलं, ती चूक जिनिव्हातून आली तेव्हा तिला ‘कॅटेगरी टू’ हे नाव मिळालं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हा उपचार बंद करायला सांगितलं. आठवड्यातून तीनदा की रोज, या वादाचाही शेवट त्याच वर्षी झाला. जनहित याचिकेच्या सुनावणीत सरकारनं सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की नऊ महिन्यांत रोजचा डोस सुरू करू.

आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्ही निकामी झालेल्या टीबीला एमडीआर म्हणतात. त्याच्यावरची दुसऱ्या फळीची औषधं सरकारी कार्यक्रमात २००७ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्रात यायला सुरुवात झाली. मुंबईत पोहोचायला २०१० उजाडलं. तोवर मुंबईतल्या एमडीआर रुग्णाला सरकारी दवाखान्यात जवळपास काहीच मिळत नसे. तो खासगी डॉक्टरकडंच जाणार, आणि दुसऱ्या फळीची औषधं तो परवडतील तशी, एकेक करून घेणार.

२०१० मध्ये हिंदुजा रुग्णालयातले छातीचे डॉक्टर झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी, त्यात उपळेकरही होते, वीस वर्षांपूर्वीचा प्रश्न घेऊन पुन्हा धारावीतल्या डॉक्टरांकडं गेले. यावेळी डॉक्टर १०६. साध्या टीबीची बरोबर चिठ्ठी लिहिणारे निघाले ६. एमडीआरची बरोबर चिठ्ठी लिहिणारे ३. औषधांचे मेळ ६३. जरुरीपेक्षा जास्त औषधं जास्त दिवस देण्याकडं कल होता. ऐंशीवरून त्रेसष्टवर यायला दोन दशकं लागली होती.

त्यानंतर जेमतेम दीड वर्षानं, डिसेंबर २०११ मध्ये, उदवाडिया, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांचं एक छोटं पत्र ‘क्लिनिकल इन्फेक्शियस डिसीजेस’ या नियतकालिकानं छापलं. चार रुग्ण. तपासलेल्या पहिल्या फळीच्या सगळ्या आणि दुसऱ्या फळीच्याही सगळ्या औषधांना त्यांचे जंतू पुरून उरत होते. पत्राच्या मथळ्यात शब्द होते ‘टोटली ड्रग-रेझिस्टंट’. त्यातल्या तिघांचा इतिहास पत्रात दिला होता. सरासरी अठरा महिन्यांत चार खासगी डॉक्टर, दुसऱ्या फळीची औषधं एकेक करून वाढवलेली, डोस पुष्कळदा चुकीचे, देखरेख कुणाचीच नाही. क्रॉफ्टन यांचा दुसरा नियम चार डॉक्टरांनी पाळीपाळीनं मोडला होता.

जानेवारी २०१२ मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत झळकली आणि एकच गहजब झाला. केंद्र सरकारनं पहिला आक्षेप घेतला तो शब्दावर. अशी संज्ञा ना राष्ट्रीय कार्यक्रमाला मान्य आहे ना जागतिक आरोग्य संघटनेला, असं पत्रक निघालं. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही होतं. काही औषधांची प्रयोगशाळेतली तपासणी भरवशाची नव्हती, शिवाय इटली आणि इराणमधून असे रुग्ण आधीच नोंदवले गेले होते. मार्चमध्ये जिनिव्हात तज्ज्ञ बसले आणि संज्ञा नको असंच ठरलं. पण चार माणसं औषधाविना मरणाच्या दारात असताना नावावर वाद घालण्यात महिने गेले, हे मुंबईकर सहज विसरले नाहीत.

तरी त्या पत्रानं जे हलवलं ते आधीच्या कुठल्या अहवालानं हलवलं नव्हतं. ७ मे २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं डॉक्टर आणि लॅबना बंधनकारक झालं, खासगीवाल्यांनासुद्धा. ते नोंदवायला ‘निक्षय’ ही संगणक प्रणाली आली. जूनमध्ये रक्ताच्या त्या तपासण्यांवर बंदी आली, ज्या टीबी नसलेल्याला टीबी आणि असलेल्याला निरोगी ठरवत आणि तरीही गल्लोगल्लीच्या लॅबमध्ये जोरात चालत. मार्च २०१४ पासून टीबीची औषधं ‘शेड्यूल एच-वन’मध्ये गेली. पट्टीवर लाल चौकटीत इशारा आला. केमिस्टनं डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि औषधाचं प्रमाण वेगळ्या वहीत लिहायचं, आणि वही तीन वर्षं जपून ठेवायची. मुंबईत महापालिकेनं आणि ‘पाथ’ या संस्थेनं मिळून आणखी एक वेगळी वाट धरली. रुग्णाला खासगी डॉक्टरकडून ओढून आणण्यापेक्षा तिथंच राहू द्यायचं, आणि डॉक्टरनं नोंद केली की व्हाउचरवर केमिस्टकडून औषधं फुकट मिळतील असं करायचं. १९९१ पासून जे नजरेआड होते त्यांना पहिल्यांदा हिशेबात धरलं गेलं.

चिठ्ठ्या सुधारल्या का? हे तपासायला संशोधकांनी एक नामी युक्ती केली. साध्या माणसांना टीबीचा रुग्ण वठवायचं प्रशिक्षण देऊन मुंबई आणि पाटण्याच्या खासगी दवाखान्यांत पाठवलं. २०१४-१५ मधल्या या पाहणीत ३५ टक्के भेटींत डॉक्टर बरोबर वागले. केमिस्टांकडंही असेच रुग्ण धाडले. दिल्ली, मुंबई आणि पाटण्यातल्या ६२२ दुकानांपैकी एकानंही चिठ्ठीशिवाय टीबीची गोळी दिली नाही. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसला, कारण सगळे खापर केमिस्टवर फोडून मोकळे झाले होते. केमिस्ट देत होते ते दुसरंच: साध्या अँटिबायोटिक, स्टेरॉइड. डॉक्टरांचंही तेच. चुकीचं टीबीचं औषध लिहिण्यापेक्षा थुंकीची तपासणी न लिहिणं, ही चूक आता मोठी ठरत होती. त्यात लिव्होफ्लॉक्सासिनच्या वर्गातली औषधं दिली की टीबी काही आठवडे दबतो. रुग्णाला बरं वाटतं, निदान लांबतं आणि जंतू तेवढ्यात त्या औषधाला सरावतात.

२०१४ ते २०१६ दरम्यान देशभर झालेल्या पहिल्या पाहणीत सगळ्या रुग्णांमध्ये एमडीआरचं प्रमाण ६.१९ टक्के निघालं. आधी औषधं घेतलेल्यांत ते ११.६२ टक्के होतं, आणि नव्या रुग्णांत २.८४. यातला छोटा आकडा जास्त बोलका आहे. ज्यांनी टीबीची एकही गोळी कधी घेतली नाही, कुठल्याही डॉक्टरची चिठ्ठी चुकीची वापरली नाही, त्यांना आजार सुरुवातीपासूनच प्रतिकार घेऊन येतो. तो दुसऱ्या कुणाच्या तरी छातीत घडलेला असतो. मुंबई परिसरातल्या जंतूंची जनुकं तपासल्यावर हेच दिसलं, की एमडीआर मुख्यतः एका माणसाकडून दुसऱ्याकडं जाणाऱ्या मोजक्या वंशांतून पसरतोय. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत, लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये, इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आहेत. खालच्या मजल्यांवर ऊनही येत नाही आणि वाराही. तिथं टीबी जास्त आढळल्याची पाहणी आहे. तेव्हा उद्या सगळ्या डॉक्टरांनी शंभर टक्के बरोबर चिठ्ठी लिहिली, तरी आधीच्या चिठ्ठ्यांनी घडवलेला जंतू त्या मजल्यांवर फिरत राहणारच.

त्या जंतूशी लढायची किंमत रुग्णांनी दिली. जुना एमडीआर उपचार दोन वर्षांचा, त्यातले कित्येक महिने कानामायसिनची रोजची इंजेक्शनं. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांना आतड्याचा टीबी दोनदा झाला. २०१३ मध्ये या उपचारात त्यांचं ऐकू येणं गेलं. इंजेक्शनाशिवाय चालणारं बेडाक्विलीन २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झालं होतं. भारतात ते मार्च २०१६ मध्ये आलं, पण केमिस्टकडं नाही. देशभरात फक्त सहा सरकारी केंद्रांत, मुंबईत शिवडीला. ऐंशी चिठ्ठ्यांची भीती अजून गेली नव्हती. नवं औषध खासगी डॉक्टरच्या हाती लागलं की तेही पाच वर्षांत वाया जाईल, असं सरकारला वाटत होतं. ही भीती निराधार होती असं मी म्हणणार नाही. पण तिचा भार पुन्हा रुग्णांवरच पडला. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला, ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून तिथल्या केंद्रात औषध नाकारलं गेलं. तिच्या वडिलांनी उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर, २०१७ च्या जानेवारीत, ते तिला मिळायचा मार्ग मोकळा झाला.

बेडाक्विलीनचं पेटंट लांबवायचा मूळ कंपनीचा प्रयत्न मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयानं फेटाळला. त्याला आक्षेप घेणाऱ्यांत वेंकटेशन होत्या आणि त्यांच्याबरोबर दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. टीबीच्या औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती नेली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं एमडीआरसाठी सहा महिन्यांचा, सगळाच तोंडानं घ्यायच्या गोळ्यांचा नवा उपचार मंजूर केला: बेडाक्विलीन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. यातलं चौथं औषध लिव्होफ्लॉक्सासिनचंच भावंड, खोकला-तापावर वर्षानुवर्षं सढळ हातानं लिहिलं गेलेल्या वर्गातलं. मुंबईतल्या एमडीआर जंतूंमध्ये या वर्गाला दाद न देणाऱ्यांचं प्रमाण फार मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा आहे, की तपासणीत तसं दिसलं तर मॉक्सिफ्लॉक्सासिन वगळून उरलेल्या तिघांवरच उपचार चालवायचा.